हाडांची काडे होऊ देऊ नका!

"हाडांची काडे करून पोरे वाढवली" हे वाक्य आपल्या वस्तीतील कोणत्याही घरात ऐकायला मिळते. आजी सुनेला सांगते, बाप मुलाला सांगतो. ही केवळ बोलण्याची रीत आहे असे आपल्याला वाटते. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे वाक्य अक्षरशः खरे आहे. पोटाला पुरेसे मिळाले नाही आणि अंगावर काम मात्र पुरेपूर पडले, तर माणसाचे शरीर स्वतःचीच हाडे आणि स्वतःचेच स्नायू खर्ची घालून दिवस काढते.

आपल्या समाजाजवळ पिढ्यान्‌पिढ्या ना जमीन होती, ना दुकान, ना सावकारी. होते ते दोन हात, दोन पाय आणि एक पाठ. याच भांडवलावर खाणीतला दगड फुटला, रेल्वेचे रूळ पडले, गिरण्यांतून सूत निघाले. आजही आपले बांधव आणि भगिनी बांधकामावर, ऊसतोडीवर, सफाईच्या कामावर, मालधक्क्यावर आणि लोकांच्या घरी धुणी-भांडी करीत याच भांडवलावर जगत आहेत. दुसऱ्याच्या यंत्राला वेळेवर तेल घालणारे आपण, स्वतःच्या शरीराकडे मात्र ते मोडून पडल्याशिवाय पाहात नाही. गुडघा धरला, कंबर गेली, मनगट मोडले, की मग डॉक्टरची पायरी चढतो.

म्हणूनच हाडे आणि स्नायू कसे काम करतात, त्यांना खायला काय लागते आणि आपल्या घरात ते कोणाला मिळत नाही, याचा विचार आम्ही या लेखात वाचकांसमोर मांडत आहोत.

हाड म्हणजे दगड नव्हे

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. जन्मलेल्या बाळाच्या अंगात मात्र तीनशेच्या आसपास कोवळे तुकडे असतात आणि वाढत्या वयात त्यांतील कित्येक एकमेकांना जुळून एक होतात.

हाड दोन प्रकारच्या मालाने बनते. आमचे जे बांधव बांधकामावर आहेत त्यांना हे चटकन समजेल. स्लॅब टाकताना आधी सळई बांधतात, मग काँक्रीट ओततात. हाडातील सळई म्हणजे प्रथिनाचे चिवट धागे, आणि काँक्रीट म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार. क्षारांमुळे हाड टणक होते, तर धाग्यांमुळे धक्का बसला तरी ते काचेसारखे फुटत नाही.

याची खात्री घरच्या घरी करता येते. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, मधे एकदा व्हिनेगर बदलावे. आंबटपणाने क्षार विरघळतात आणि ते टणक हाड रबरासारखे वाकू लागते. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी हा प्रयोग जरूर करावा. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन हाड का मजबूत होत नाही, हेही त्यावरून कळेल. सळई आणि काँक्रीट दोन्ही लागतात.

दुसरी गोष्ट अशी की हाड जिवंत असते. हाडात दोन प्रकारच्या पेशी रात्रंदिवस कामाला असतात. एक प्रकार जुना भाग पोखरून काढतो, दुसरा त्या जागी नवा भाग बांधतो. जुन्या चाळीची डागडुजी भाडेकरूंना न हलवता एकेक खोली घेऊन करावी, तसे हे काम चालते. प्रौढ माणसाच्या हाडांचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने बांधला जातो. मोडलेले हाड पुन्हा सांधते तेही याच कारागिरांच्या बळावर.

आणि हे कारागीर जिथे भार पडतो तिथे जास्त बांधतात. युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली हा नियम मांडला. अंतराळात गेलेल्या माणसाच्या पायांवर शरीराचा भार पडत नाही. तेव्हा व्यायाम करूनही त्याच्या खुब्याच्या हाडातील महिन्याला एक ते दीड टक्का माल कमी होत असल्याचे आढळले आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही असेच होते. तेव्हा चालणे, चढणे, उचलणे हा हाडांचा एक प्रकारचा आहारच आहे. पण बांधायला माल नसेल तर कारागीर तरी काय करणार?

हाडांची पेढी

शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात व इतरत्र फिरतो. हा एक टक्का थोडका दिसला तरी त्याच्यावर जीव चालतो. हृदयाचा ठोका, स्नायूचे आकुंचन, जखमेवर रक्त गोठणे, या सर्वांना रक्तातले कॅल्शियम लागते. म्हणून रक्तातले प्रमाण कमी-जास्त होऊन चालत नाही. मानेत चार लहान ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम घटले, की त्या हुकूम सोडतात आणि हाडांच्या पेढीतून रक्कम काढली जाते.

ही उचल होताना काही दुखत नाही, खुपत नाही. पुष्कळदा रक्त तपासले तर कॅल्शियम बरोबर भरते, कारण रक्ताचे खाते हाडांच्या खात्यातून सांभाळले जाते. पुढे साठीत मोरीत पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. तेव्हा कळते की पेढी केव्हाच रिकामी झाली होती.

या पेढीत भरणा करण्याचे वय ठरलेले आहे. जन्मापासून साधारण तिशीपर्यंत हाडांत भर पडते. त्यातही वयात येताना, उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांत, आयुष्यभराच्या हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा जमा होतो. तिशीनंतर हळूहळू उचल सुरू होते. बाईची पाळी गेली, की पुढील काही वर्षे ती उचल फार वेगाने होते.

आता आपल्या घरांत काय चालते ते पाहू. मुलगी वयात आली, की "तिला अंडे देऊ नका, मटण देऊ नका, उष्ण पडते" असे सांगणाऱ्या शेजारणी मिळतात. ज्या दोन वर्षांत भरणा करायचा, त्याच दोन वर्षांत आपण पेढीचे दार लावून घेतो! उष्ण-थंडाच्या या कल्पनेला शास्त्राचा आधार नाही. त्या वयातील मुलीला भावाइतकेच अन्न लागते, आणि दर महिन्याला रक्त जात असल्यामुळे लोह तर थोडे अधिकच लागते.

बाळंतपणाचाही हिशोब आहे. पोटातील बाळाची हाडे तयार होण्यासाठी आईच्या अंगातून सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जाते, तेही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. पुढे अंगावर पाजताना दररोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम दुधावाटे जाते. निसर्गाची सोय अशी की बाळाचे पिणे सुटल्यावर आईची हाडे पुन्हा भरून येतात. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, वेळ आणि अन्न. एका मागोमाग एक बाळंतपणे आणि अर्धपोटी काम असेल, तर पेढी सावरायला उसंत कुठली?

स्नायू फक्त ओढतो

शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. त्यांची गंमत अशी की स्नायूला ढकलता येत नाही, तो फक्त ओढतो. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाच्या पुढचा स्नायू आखडला की हात कोपरात वाकतो, मागचा आखडला की सरळ होतो. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो.

स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो ती जागा सांध्याच्या अगदी जवळ असते. दंडाचा स्नायू कोपरापासून सुमारे चार सेंटिमीटरवर जोडलेला आहे आणि हातातले ओझे कोपरापासून बत्तीस सेंटिमीटरवर आहे असे धरा. तर कोपर काटकोनात ठेवून १० किलोची बादली धरायला त्या स्नायूला ८० किलोचा जोर लावावा लागतो. आठपट! कमरेचेही असेच. पुढे वाकून, हात लांब करून सिमेंटची गोण उचलली, की पाठीच्या मणक्यांवर गोणीच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. म्हणून ओझे उचलताना गुडघ्यात वाकावे, ओझे पोटाशी धरावे आणि मग उठावे. उचललेल्या ओझ्यासह कमरेत पिळू नये, पाय हलवून वळावे. हंडा भरणाऱ्या भगिनींनी आणि हमाली करणाऱ्या बांधवांनी एवढे पाळले तरी कंबर पुष्कळ वाचेल.

स्नायू आखडतो कसा, हे कोडे १९५४ साली सुटू लागले. हक्सली याच आडनावाच्या, पण एकमेकांचे नातलग नसलेल्या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह एकाच वेळी ते उलगडले. स्नायूत प्रथिनाचे दोन प्रकारचे बारीक तंतू असतात. विहिरीतून बादली ओढताना आपण एका हाताने दोर धरतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढे धरतो. तसेच जाड तंतूंना असलेले लाखो सूक्ष्म हात बारीक तंतूंना धरून ओढतात. धरा असा इशारा देण्याचे काम कॅल्शियमकडे आहे, आणि धरणे-सोडणे या दोन्हींसाठी अन्नातून मिळालेली शक्ती खर्च होते. सोडायलासुद्धा शक्ती लागते! माणूस मेल्यावर काही तासांनी देह ताठ होतो तो याचमुळे. शक्ती संपते आणि धरलेले हात सुटत नाहीत.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. एका परीने हे खरे आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत एक मोठा फरक आहे. स्नायू कामाच्या वेळी वाढत नाही. कामाच्या वेळी त्याची थोडी मोडतोड होते. नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत, अन्नातील प्रथिने घेऊन, तो दुरुस्त होतो आणि पूर्वीपेक्षा बळकट बनतो. पहिलवानाला तालीम असते, खुराक असतो आणि आराम असतो. उसाच्या फडातल्या मजुराला यांतली पहिलीच गोष्ट भरपूर मिळते. खुराक आणि आराम नसेल, तर शरीर स्नायूच जाळून चूल पेटती ठेवते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. महाराष्ट्राचे ज्येष्ठ आहारशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले होते, की आपल्या देशातील गरिबाचा मुख्य प्रश्न प्रथिने कमी असण्याचा नसून एकंदर अन्नच कमी असण्याचा आहे. पोटभर भाकरी नसेल तर डाळीतली प्रथिनेही सरपण म्हणून जळून जातात, अंगाला लागत नाहीत. तेव्हा टीव्हीवर दिसणाऱ्या महागड्या पावडरीच्या डब्यामागे लागण्याआधी ताट भरले आहे की नाही ते पाहा.

विश्रांतीचे मोल परमपूज्य बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत मिळावी म्हणून आलेल्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामाचे तास कमी करण्याची ही लढाई मजुराच्या हाडामांसाच्या रक्षणाचीही लढाई होती. शरीरशास्त्र आज तेच सांगते.

शिकून टेबलापुढे बसलेल्या आपल्या मुलामुलींचा प्रश्न उलटा आहे. त्यांच्या हाडांना भार मिळत नाही. त्यांनी रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे, जिने चढावेत, आठवड्यातून दोन-तीन वेळा बैठका व जोर काढावेत.

ताटात काय असावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुचवलेल्या प्रमाणानुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला सुमारे ४२ ग्रॅम. एवढी प्रथिने आपल्या साध्या जेवणातून मिळतात का? हिशोब करू. ज्वारीच्या पाव किलो पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे २५ ग्रॅम, ५० ग्रॅम डाळीतून किंवा मटकी-हरभऱ्याच्या उसळीतून सुमारे ११ ग्रॅम, आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. बेरीज झाली ४३. वर एक अंडे खाल्ले तर आणखी ६ ग्रॅम. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. म्हणून भाकरी आणि डाळ एकत्र खावी. पण भाकरी आणि मिरचीचा ठेचा, किंवा चहा आणि पाव, यावर दिवस काढला तर हा हिशोब कधीच जुळणार नाही.

कॅल्शियम प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १२०० मिलिग्रॅम लागते. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास मिळते. दूध परवडत नसेल तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. तितक्याच शेवग्याच्या पाल्यात तीनशेहून अधिक असते, आणि तो पाला पुष्कळ ठिकाणी फुकट मिळतो. तीळ आणि ताक यांचीही मदत होते. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातील एका आम्लामुळे ते अंगाला फारसे लागत नाही.

आपल्या जुन्या स्वयंपाकातील एक मोठा ठेवा म्हणजे सुकी मासळी. सुकट, जवळा आणि काट्यासकट चावून खाल्लेली लहान मासळी यांतून प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. मीठ जास्त असते म्हणून दोन पाण्यांनी धुवावी, एवढेच. परंतु फ्लॅटमध्ये राहायला गेलेली आपली काही कुटुंबे शेजाऱ्यांना वास येतो म्हणून सुकट घरात आणेनाशी झाली आहेत. मराठवाड्यातील आपल्या माणसांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले, ते अशा कुटुंबांनी वाचावे. ज्या अन्नाने आपले आजोबा-पणजोबा दगड फोडू शकले त्या अन्नाची लाज कसली? काळीज, वजडी ही तर स्वस्तात मिळणारी लोह-प्रथिनांची खाण आहे. पायाच्या रश्शाबद्दल मात्र गैरसमज नको. चवीला तो उत्तम, पण हाडातले कॅल्शियम रश्शात फारसे उतरत नाही.

लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू पिळावे किंवा पेरू, आवळा खावा. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये, चहा लोह अडवतो. गरोदर भगिनींना सरकारी आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या घ्याव्यात, परंतु दोन्ही एकाच वेळी न घेता मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे.

फुकटचे ऊन

खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात नेण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीत तयार होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या धुराने काळवंडलेल्या गिरणी-शहरांत कामगारांच्या मुलांना मुडदूस होई, त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकत. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरे केले आणि मुडदूस व प्रकाश यांचा संबंध सिद्ध झाला.

आपल्या देशात उन्हाला तोटा नाही. पण दाट वस्तीतील खोल्यांत आणि एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ते पोहोचत नाही. रात्रपाळी करणारा दिवसा झोपतो. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असते. आणि मुलीला तर "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" म्हणून घरात ठेवले जाते. गोऱ्या कातडीचे हे वेड ज्या समाजव्यवस्थेतून आले ती आपण १९५६ साली सोडली. वेड मात्र काही घरांनी सोडलेले नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचे ऊन यासाठी उपयोगी. आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस-तीस मिनिटे, हात, पाय, चेहरा उघडा ठेवून उन्हात वावरावे. काचेआडच्या उन्हाचा उपयोग होत नाही.

बाटली, गोळी आणि मशेरी

अशक्तपणा आला, की सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी. एवढी शक्ती अर्ध्या भाकरीत आहे! त्यासाठी एका दिवसाची मजुरी देऊ नका. उलट्या-जुलाबाने शरीरातील पाणी गेले असता सलाईन जीव वाचवते. पण भुकेवर ते औषध नाही.

सांधेदुखीवर कोणी नाव नसलेल्या गोळ्या-पुड्या देत असेल, तर सावध राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड असू शकते. दुखणे दोन दिवसांत पळते, पण दीर्घकाळ घेतल्यास तेच औषध हाडे पोखरते. दारू आणि विडी-सिगारेट यांनीही हाडे ठिसूळ होतात. मशेरी आणि तंबाखू भूक मारतात, म्हणूनच उपाशी कामावर जाणाऱ्या बाईला ती जवळची वाटते. पाचव्या शीलाचे पालन हा हाडांवरचाही उपाय आहे.

उपवासाचे काय?

धम्मदीक्षा घेऊन इतकी वर्षे झाली तरी काही घरांत सोमवार-गुरुवारचे उपास चालूच आहेत. दिवसभर पोटात काय, तर साबुदाणा. साबुदाण्यात पिठाशिवाय काही नसते, प्रथिने जवळजवळ नाहीतच.

सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेच्या वनात सहा वर्षे कठोर तप केले. अन्न तोडून तोडून देहाचा सापळा झाला, बरगड्या मोजता येऊ लागल्या. देहदंडाने ज्ञान मिळत नाही हे उमगल्यावर त्याने सुजातेने दिलेले अन्न घेतले. ते पाहून पाच सोबती त्याला सोडून गेले, तरी तो डगमगला नाही. त्यानंतरच त्याला संबोधी प्राप्त झाली. ज्या धम्माची वाट एका स्त्रीने दिलेल्या जेवणाने मोकळी झाली, त्या धम्माच्या स्त्रियांनी उपाशी राहावे हे कोणत्या न्यायाचे? वर्षावासात उपोसथ धरणाऱ्या उपासिकांनीही मध्यान्हापूर्वीचे जेवण डाळ-भाजीसह पोटभर घ्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी पंचशील पाळावे, उपाशी राहू नये.

शेवटचे ताट

आता मूळ मुद्दा. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या हिशोबाप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी पुरतात, तर जड काम करणाऱ्या बाईला २७२० लागतात. म्हणजे ऊस तोडणारी, विटा वाहणारी आपली बहीण खुर्चीत बसलेल्या साहेबापेक्षा सहाशे कॅलरींनी जास्त अन्नाची हक्कदार आहे. प्रत्यक्षात ती घरातल्या सर्वांना वाढून, तळाला उरलेल्या रश्शाशी उरलेली भाकरी खाते. डाळीचा घट्ट भाग संपलेला असतो, अंडी मोजून मुलांना दिलेली असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. रक्तात लोह नाही म्हणजे स्नायूला प्राणवायू नाही, आणि मग "अंगात त्राणच नाही" ही तक्रार. त्या बाईला आळशी म्हणण्यापूर्वी तिच्या ताटात डोकावून पाहा.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडायला सांगितले. आपल्या पूर्वजांनी ते सोडले, प्रसंगी उपाशी राहिले, पण गावाचे उरलेले अन्न नाकारले. गावाचे उरलेले नाकारणाऱ्या समाजाने आपल्याच घरातल्या बाईला उरलेले खाऊ घालावे काय? समता ही सभेत बोलायची आणि चुलीपाशी विसरायची गोष्ट नव्हे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो भगवंतांचा उपदेश ऐकायला उशिरा, उपाशीपोटी आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे जेवण झाल्यावरच उपदेश सुरू केला. भुकेल्या माणसाला धम्म सांगून उपयोग नाही, हे तथागतांनी कृतीने दाखवले.

आमचे सांगणे मोठ्या खर्चाचे नाही. आजपासून रात्रीचे जेवण सर्वांनी एका वेळी, एकत्र बसून घ्यावे. ताटे आधीच वाढून घ्यावीत, म्हणजे कोणाच्या ताटात काय आहे ते सर्वांना दिसेल. अंडी तीनच असतील तर एक वयात आलेल्या मुलीच्या आणि एक राबणाऱ्या आईच्या ताटात पडावे. आणि प्रत्येक विहारातील महिला मंडळाने वंदनेनंतर अर्धा तास काढून हे हिशोब भगिनींना समजावून सांगावेत, शक्य झाल्यास आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बोलवावे.

आपल्या आयांनी हाडांची काडे केली म्हणून आपण शिकलो. आता आपल्या मुलींची हाडे तरी शाबूत राहोत, ही जबाबदारी आपली आहे.

जयभीम!